टाचेमागचं पिल्लू

दोर वळणारी बाई उलटी चालते. तोंड चाकाकडे, पाठ वाटेकडे. कमरेला विंचरलेल्या वाखाची मोळी बांधलेली असते, लांबून बघणाऱ्याला बाई पोटुशी वाटावी अशी. त्या मोळीतले तंतू बोटांनी सोडत सोडत ती मागे जाते, समोर चाक फिरत राहतं आणि सुताला पीळ बसत जातो. ती मागे सरेल तेवढं सूत लांब होतं. असं सूत पुष्कळ झालं की त्याचे पेड, आणि पेडांचा दोर.

घराच्या बगलेने ती वाट गेली होती. चाकाच्या छपरीपासून टोकाच्या खुंटापर्यंत, काठी ठेवल्यासारखी सरळ. टाचांनी बडवून बडवून तिची जमीन अंगणापेक्षा खाली गेली होती. आधी सासूने ती वाट चालून काढली. गुडघे बोलायला लागले तेव्हा ती चाकावर बसली आणि मोळी सुनेच्या कमरेला आली. त्यालाही आता इतकी वर्षं झाली होती, की सुनेची लेक लग्न होऊन गेली, सुनेच्या कानामागे पांढरं दिसायला लागलं.

चाकावर बसणारीचे डोळे हे चालणारीच्या पाठीचे डोळे. वाटेत कुणाची बकरी आली, कुणी विळा टाकून गेलं, तर चाकावरून हाक यायची, "डावीकडून घे," किंवा नुसतं, "दगड." चालणारीने वळून बघायचं नाही. मान वळली की हात वळतो, हात वळला की सूत फुगतं. सासू चाक फिरवता फिरवता गुणगुणायची,

मागे मागे जाते बाई, तिला पुढचे दिसते,
पाठीमागे काय आहे, ते ते दुसरीला पुसते.

या वर्षी नावेचा दोर होता. नदी ओलांडायला या काठापासून त्या काठापर्यंत जाड दोर ताणलेला असायचा, आणि त्याला धरून नावाडी हातांनी नाव ओढत न्यायचा. जुना दोर कुजत आला होता. पाणी चढायच्या आत नवा बांधायला हवा. एकदा नदी फुगली की दोर बांधायच्या काठावरच्या खांबाला हात लावता येत नाही. त्यामुळे उजाडलं की चाक सुरू व्हायचं ते ऊन उतरेपर्यंत. दोरवाला, म्हणजे या घरचा मुलगा आणि त्या बाईचा नवरा, हौदात भिजवलेला वाख काढायचा, बडवायचा, वाळवायचा, आणि दमला की म्हणायचा, "दोघी बायका बसून आणि चालून काम करतात, मी मात्र वाकून मरतो."

"वाकला नाहीस तर ताठ मरशील," सासू म्हणायची. "मरण काही चुकत नाही."

पिल्लाची गोष्ट मध्येच झाली. कोंबडी अंड्यांवर बसलेली होती, ती भर दुपारी मुंगसाने नेली. कोणी जाऊन बघेपर्यंत अंडी गार पडली होती. एकाच अंड्याला आतून टोच पडलेली दिसली. सुनेचे दोन्ही हात कामात, ऊब द्यायला चुलीत गरम राख नाही. तिने ते अंडं उचललं आणि कमरेच्या मोळीत खोचलं. वाख उबदार असतो, आणि त्याच्या आत बाईचं पोट. संध्याकाळच्या सुताला, वाटेच्या अर्ध्यात, मोळीतून चिवचिव आली.

"चालता चालता बाळंत झाली," सासू म्हणाली. "अशी सून गावात दुसरी नसेल."

"नाकावर कुणाच्या गेलंय बघ," दोरवाला म्हणाला.

"तुझ्याच. तेवढीच चोच."

पिल्लू वाखाच्याच रंगाचं होतं, पिवळसर, कडांना थोडं राखाडी. त्याला मोळी म्हणजे आई आणि मोळीखालचे दोन पाय म्हणजे आईचे पाय. सून न्हाणीत गेली की दाराशी बसायचं, परसात गेली की मागे. सासूने त्याचं नाव शेपूट ठेवलं. "ए बाई, तुझं शेपूट दारात अडकलंय," असं घरात ऐकू यायचं. सूत चालायच्या वेळी मात्र त्याला डालग्याखाली झाकायचं. उलट चालणाऱ्या बाईच्या मागे शेपूट असून चालत नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

त्या दिवशी वारा होता. वाखाचे पुंजके सगळ्या वाटेवर लोळत होते. ओला वाख वाहायला दोरवाल्याला डालगं हवं होतं. त्याने ते उचललं आणि पिल्लावर चाळण पालथी घातली. दगड ठेवायचं मनात आलं त्याच्या, पण हात भरलेले होते. वाऱ्याने चाळण कधी उलटली ते कुणी पाहिलं नाही.

सून चालत होती. सूत छान उतरत होतं, केसासारखं. वाटेचा मधला भाग मागे पडला. तिने पाऊल मागे टाकलं आणि टाचेखाली काहीतरी आलं.

दगड नव्हता. दगड पायाला वर ढकलतो. हे खाली गेलं. आधी जरासं अडलं, मग अडलं नाही.

आवाज आला की नाही ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. चाकाची घरघर होती, वारा होता. टाचेपासून काहीतरी गरम पोटरीत चढलं, मांडीत आलं, मोळीपर्यंत आलं आणि तिथे थांबलं. पण तिचे पाय थांबले नाहीत. बोटं तंतू सोडत राहिली. दुसरं पाऊल मागे गेलं, मग पुढचं. ती खुंटापर्यंत गेली. सुताचं टोक खुंटाला बांधलं, दोन वेढे दिले, सैल नाही ना म्हणून ओढून पाहिलं. मग तिने त्या जागेकडे बघितलं.

चाक थांबलं होतं. सासू उभी राहिली होती, एक हात मुठीवर. दोघींच्या मध्ये ताणलेलं सूत होतं, आणि सुताच्या खाली, वाटेवर, तो पिवळा ठिपका.

दोरवाला गळतं डालगं घेऊन आला. "काय झालं?" मग त्यालाही दिसलं. त्याने डालगं खाली ठेवलं, मागे वळून चाळणीकडे पाहिलं. "मी झाकलं होतं," तो म्हणाला. कुणी काही विचारलं नव्हतं.

सून जवळ गेली, पण वाकली नाही. पिल्लाचा एक पंख हलत होता. वाऱ्याने हलत होता. पाय अगदी चांगले होते, नखंसुद्धा. तेच बघत राहिली ती.

दोरवाल्याने खुरप्याने कुंपणापाशी खड्डा केला. हाताच्या ओंजळीत नेलं आणि झाकलं, माती पायाने दाबायला गेला आणि पाय मागे घेतला. हाताने दाबली. सासू छपरीतच होती. ती आली नाही, बोलली नाही.

हौदाच्या कडेला बसून सून टाच धूत होती. वजरी घेऊन घासत होती. पाणी केव्हाच स्वच्छ यायला लागलं होतं.

"सालटं निघेल," दोरवाला म्हणाला.

"मला कळलं होतं."

"काय?"

"पायाखाली आलं ते. दगड नाही, पुंजका नाही, हे कळलं होतं. तरी मी चालत राहिले."

"सूत हातात होतं तुझ्या."

"हो," ती म्हणाली. "गाठसुद्धा मारली. ओढून पाहिली मी गाठ."

त्याने तिच्या हातातली वजरी काढून घेऊन भिंतीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी शेजारची कुंभारीण आली. चिखलाने हात भरलेले, पदर खोचलेला. बातमी कुंपणावरून गेली होती.

"वहिनी, अगं कोंबडीचं पिल्लू ते," ती म्हणाली. "घारीने नेलं असतं, मांजराने नेलं असतं. आमच्याकडची कोंबडी पोरं घेऊन हिंडतेय, एखादं उचलून घेऊन ये. तिला कुठे मोजता येतंय."

"नको."

"मोठं झालं असतं तर तूच कापलं असतंस की."

"असतं," सून म्हणाली. "बघून कापलं असतं."

कुंभारणीने हातावरचा वाळलेला चिखल खरवडला. "माझ्या पायाखाली एकदा ओलं मडकं आलं होतं," ती म्हणाली, आणि आपलं आपल्यालाच ते बरोबर वाटेना म्हणून निघाली. जाताना सासूला म्हणाली, "काकू, तुम्ही तरी समजवा हिला." सासूने चाकाच्या कण्याला तेल घातलं आणि मान वर केली नाही.

सुनेने ते पाहिलं. कालपासून सासू तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ताट पुढे केलं तर घ्यायची, अर्धं टाकून उठायची. सुनेच्या मनात ते घट्ट बसलं: म्हातारी मला पिल्लू खाणारी समजतेय. बरोबरच आहे.

तिने मोळी बांधली, वाटेवर उभी राहिली, चाक फिरलं. छपरीपासून पहिली काही पावलं गेली. मग तिच्या टाचा जमिनीला लागेनात. ती चवड्यांवर चालायला लागली, मांजर चालतं तशी. ती जागा जवळ आली, आणि पाठीची कातडी आखडली, मान आपोआप वळली. मागे काही नव्हतं. स्वच्छ वाट होती. पण ती थांबलेली, आणि चाक फिरत राहिलेलं. सुतावर पीळ चढत गेला, सूत आखडलं, आणि हातात जिवंत असल्यासारखं उसळून त्याचे वेढे पडले.

तोडलं. पुन्हा बांधलं. पुन्हा तिथेच.

"मी चालतो," दोरवाला म्हणाला. "तू बस जरा."

त्याने मोळी कमरेला बांधली. मोळी त्याच्या अंगावर काही बसेना; चोरी करून पळणाऱ्या माणसासारखा दिसत होता तो. तो चालला, घामाने निथळला. सूत झालं, पण उंदीर गिळलेल्या सापासारखं, कुठे जाड, कुठे दोऱ्याएवढं. एरवी सासूने त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या, म्हणजे स्वतःच्याही. तिने काहीच म्हटलं नाही. ते न म्हणणं दोरवाल्याला जास्त लागलं.

नावाडी बघायला आला तेव्हा दोघं नवरा-बायको सूत उलगडत बसले होते. नावाड्याचे तळवे लाकडासारखे. त्याने डोळे मिटले आणि सूत हातातून सोडत नेलं. वाटेत चार ठिकाणी त्याचा हात अडला.

"हे कुणाच्या हातचं?"

"माझ्या," दोरवाला म्हणाला.

"तू माणूस चांगला आहेस," नावाडी म्हणाला. "पण या दोरावर मी माझी बकरीसुद्धा सोडणार नाही. वहिनींना काय झालंय?"

कोंबडीचं पिल्लू मेलं, हे तोंडाबाहेर काढायचं कसं.

"पाणी हळूहळू वर येतंय," तो म्हणाला. "परवा भर नदीत जुन्या दोराचा एक पेड सुटला. नावेत बाळंतीण होती, मांडीवर पोर. मी तिला काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, हलू नका. दोन पेडांवर आणली तिला." तो सुनेकडे वळला. "मी घाई करत नाही. नदी करतेय."

तो गेल्यावर सुनेने पुन्हा मोळी बांधली. पुन्हा तीच जागा, तीच मान, तेच आखडलेलं सूत. ती मध्येच उभी राहिली, दोन्ही हातांत तुटलेलं सूत घेऊन.

"आई, बोला काहीतरी," ती म्हणाली. "शिव्या द्या. मारा हवं तर. पण अशा बसू नका माझ्यासमोर."

सासू उठली, छपरीच्या खांबाचा आधार घेतला आणि घरात गेली. आतून दार लावल्याचा आवाज आला. दोरवाला चाकाकडे बघत राहिला. रिकामं चाक अजून थोडं फिरत होतं.

पुढच्या दिवशी ढग उतरले होते, पाऊस नव्हता. दोरवाला वाख आणायला गेला होता. सून छपरीत फणीवर वाख विंचरत होती. लाकडात ठोकलेल्या खिळ्यांतून जुडी ओढायची, काड्या आणि गाठी खिळ्यांत अडकून राहतात. सासू येऊन तिच्या बाजूला बसली. जुडीचं दुसरं टोक धरलं. बराच वेळ दोघी नुसत्या ओढत राहिल्या.

"मी पाहिलं होतं," सासू म्हणाली.

सुनेला वाटलं, पाय पडताना पाहिलं, ते सांगतेय.

"तुझ्या पाठीमागे होतं, तुझ्याबरोबरच सरकत," सासू म्हणाली. "वारा होता. वाटेवर पुंजके लोळत होते. त्यातलाच एक वाटला मला. मनात म्हटलं, संध्याकाळी झाडून घेऊ, आज फार सांडलाय."

सुनेचे हात थांबले.

"तू मध्ये एकदा उभी राहिलीस. तंतू जोडून घेतलास, आठवतं? तेव्हा तोही थांबला. तू निघालीस, तोही निघाला." सासूने जुडी खिळ्यांवर टाकली, पण ओढली नाही. "वाख कधी थांबतो का गं? वारा चालू असताना? मला दिसत होतं ते. दिसत होतं आणि मी चाक फिरवत होते."

बाहेर कुठेतरी कुंभारीण माती कुटत होती. तो धप धप आवाज तेवढा होता.

"मग दोन दिवस बोलला का नाहीत?"

"तुझी वाट पाहत होते. तू विचारशील म्हटलं. आई, तुमचे डोळे कुठे होते, असं विचारशील. तू नुसती टाच घासत बसलीस. सगळं आपल्याच पायावर घेतलंस. मला आत शिरायला जागाच ठेवली नाहीस."

सुनेला राग आला. तो इतका अचानक आला, की तिला बरं वाटलं आणि मग लगेच भीती वाटली.

"आता विचारते," ती म्हणाली. "कुठे होते?"

"चाकावरच होते," सासू म्हणाली. "उघडे होते."

सुनेने जुडी ओढली. खिळ्यांनी वाख फाडला. तिने पुन्हा टाकली, पुन्हा ओढली, जोराने, गरज नव्हती तितकी. सासूने हात मागे घेतला नाही. एक खिळा तिच्या बोटाला लागला तरी नाही. सुनेला रक्त दिसलं तेव्हा ती थांबली. पदराच्या टोकाने तिने ते बोट दाबून धरलं.

"मला वळून बघितल्याशिवाय राहवत नाही," ती खाली बघत म्हणाली. "माझी पाठच माझं ऐकत नाही."

"मला हाक द्यायची भीती वाटते," सासू म्हणाली. "काही नसताना ओरडेन असं वाटतं. नाहीतर असताना ओरडणार नाही. कालपासून मी त्या वाटेवर किती पिल्लं पाहिली म्हणून सांगू."

"काल किती होती?"

"वाट भरून."

सुनेच्या तोंडातून हसू आलं, ते अर्ध्यातच मोडलं, आणि मग ती रडली. पिल्लू गेल्यापासून पहिल्यांदाच. सासू रडली नाही. ती सुनेच्या पदरातलं बोट तसंच तिच्या हातात ठेवून बसली.

दोरवाला आला तेव्हा दोघी वाट झाडत होत्या. एक या टोकाकडून, एक त्या टोकाकडून. वाखाचा एक तंतू ठेवला नाही त्यांनी. तो ओझं घेऊन बाजूने, कुंपणाला अंग घासत गेला.

"मी काय करू?" त्याने विचारलं.

"वाटेवर येऊ नकोस," सासू म्हणाली.

सुनेने मोळी बांधली. सासू चाकाशी बसली, खिळा लागलेल्या बोटाला चिंधी. चाक फिरलं. पहिली पावलं चवड्यांवरच गेली. सासू गाणं म्हणत नव्हती, आणि तिची नजर सुनेवर नव्हती. सुनेच्या कमरेच्या बाजूने, तिच्या मागे, वाटेवर होती.

"मोकळी आहे," सासू म्हणाली.

सुनेची एक टाच टेकली. मग दुसरी.

ती जागा जवळ आली तशी पाठ आखडली. मान वळू लागली.

"मोकळी आहे वाट," सासू म्हणाली. "मी बघतेय."

मान अर्ध्यात राहिली. आणि तिचा पाय उचलला गेला. कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपणहून वर गेला, उंबरठा ओलांडतात तसा, आणि पलीकडे पडायला त्याने वेळ घेतला. सुनेला कळलं, आता सूत आखडणार, आता उसळणार. पण बोटांत काही झालं नाही. तिने समोर पाहिलं. चाक हळू झालं होतं. पाय हवेत असेपर्यंत सासूने मूठ जेमतेम फिरत ठेवली होती, जितका पीळ लागेल तितकाच देत. टाच पलीकडे टेकली आणि चाकाने पुन्हा वेग घेतला.

सूत सरळ खुंटापर्यंत गेलं.

पुढच्या सुताला पुन्हा तिथे पाय उचलला गेला. पुन्हा चाक हळू झालं. ढगांआडचं ऊन कलेपर्यंत त्या चालत आणि फिरवत राहिल्या. दोरवाला वाख बडवता बडवता थांबून बघायचा. आई मधूनच, कुणी न विचारता, "मोकळी आहे" म्हणायची, आणि त्याला दिसायचं की ती पापणी लववत नाही. डोळ्यांत वाखाची धूळ जाऊन पाणी गालांवरून खाली येत होतं. एक हात मुठीवर होता, दुसरा रिकामा होता. त्या हाताने तिने डोळे पुसले नाहीत.